बैठे खेळ आणि ते रचणारी माणसे

गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेचा शेवटचा दिवस होता. सभा संपली, सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या, आणि काखेत पुठ्ठ्याची मोठी घडी सांभाळीत एक तरुण आमच्यापुढे येऊन उभा राहिला. कालव्याच्या पट्ट्यातल्या एका गावचा, शिक्षणासाठी शहरात खोली करून राहिलेला. "काका, मी एक खेळ तयार केला आहे," तो म्हणाला, "पण तो कुणाला दाखवावा की नाही, हेच समजत नाही. कुणी उचलला तर?" पुठ्ठा उघडून पाहिला. त्यावर एक पाट काढला होता, पाटाच्या कडेने ओळीने चार शेते, पाण्याच्या जागी चिंचोके, आणि पाऊस किती पडला हे ठरविण्यासाठी कवड्या. पाळीचे पाणी समजुतीने वाटून घेतले नाही तर अखेरीस सर्वांचेच नुकसान होते, हे लोकांना खेळता खेळता कळावे, असा त्याचा हेतू होता. दोन वर्षे तो या पुठ्ठ्यावर खपत होता, आणि त्या दोन वर्षांत त्याने तो दुसऱ्या एकाही माणसापुढे मांडला नव्हता.

आम्ही त्याला पुढल्या रविवारी घरी बोलावले. त्या रविवारी काय घडले ते शेवटी सांगू. पण त्याचा प्रश्न मनातून जाईना. सारीपाट, बुद्धिबळ, गंजिफा, पत्ते हे सारे खेळ आपण अशा रीतीने खेळतो, की जणू ते पावसाळ्यातल्या गवतासारखे आपोआप उगवले. वास्तविक प्रत्येक नियमामागे कोणीतरी डोके धरून बसलेले असते. जुन्या खेळांचे कर्ते काळाच्या पोटात गडप झाले. परंतु गेल्या दोनशे वर्षांतल्या काही खेळकर्त्यांची हकीकत कागदोपत्री शिल्लक आहे, आणि ती त्या तरुणाच्या प्रश्नाला थेट जाऊन भिडते. आजचा विषय तोच.

आरंभ घरातल्या पटापासूनच करू. ज्याला आपण सापशिडी म्हणतो तो मुळातला मोक्षपट. ज्ञानदेवांनी तो रचला अशी आपल्याकडे परंपरा आहे, आणि वारकऱ्याच्या घरी तिला कोणी पुरावा मागत नाही. जुन्या पटांवर घरांना नुसते आकडे नसत, नावे असत. दया, भक्ती, दान अशा घरांतून शिडी वर जाई. क्रोध, लोभ, मत्सर ही घरे सापांच्या तोंडी असत. वैष्णवांचे पट वेगळे, जैनांचे वेगळे; जैनांच्या पटावर चौऱ्यांशी घरे आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तेथे त्यावर प्रथम तिकडच्या नीतिपाठांची चित्रे चढली, पुढे तीही उतरली, आणि शंभर आकड्यांचा कोरा पट परत आपल्याकडे मुलांच्या खेळण्यांत येऊन दाखल झाला. आज अठ्ठ्याण्णवच्या घरात साप गिळतो तेव्हा पोर रडते. पण आपण कोणते पाप केले होते, असे काही ते विचारीत नाही. रचणाराच्या मनातला अर्थ खेळणारांच्या हाती टिकतोच असे नाही, याचा हा जुना दाखला. नवा दाखला अमेरिकेतला आहे, आणि तो अधिक बोचरा आहे.

आपल्याकडे 'व्यापार' या नावाने जो खेळ सुटीच्या दुपारी रंगतो, फासे टाकून जागा विकत घ्यायच्या, घरे बांधायची आणि येणाराकडून भाडे उकळायचे, त्याचे मूळ म्हणजे 'मोनॉपॉली'. तिचे मूळ एका बाईच्या टेबलावर सापडते. एलिझाबेथ मॅगी हे तिचे नाव. जन्म १८६६ चा, इलिनॉय राज्यातला. वडील वृत्तपत्रकार. ती वॉशिंग्टनला पोस्टखात्याच्या बेवारशी पत्रांच्या कचेरीत लघुलेखिका होती. डोके यंत्राचे, टंकलेखन यंत्रात कागद सुलभपणे सरकावा म्हणून केलेल्या एका सुधारणेचे पेटंट तिने विशीतच मिळविले होते. आणि मन हेन्री जॉर्जच्या विचारांनी भारलेले.

हेन्री जॉर्जचे म्हणणे येथे दोन शब्दांत सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून खेळ कळणार नाही. गावाबाहेर एखाद्याचा ओसाड तुकडा पडलेला असतो. तेथून रस्ता जातो, जवळ शाळा निघते, बाजार भरू लागतो, आणि त्या तुकड्याची किंमत दसपट होते. मालकाने कुदळसुद्धा मारलेली नसते. ही वाढ सगळ्या समाजाने निर्माण केली, तेव्हा ती कररूपाने समाजाकडे परत यावी, आणि श्रमावरचे इतर कर उठावेत, असा सिद्धान्त त्याने १८७९ साली ग्रंथरूपाने मांडला. आपल्या शहराभोवतीचे प्लॉट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो समजायला अडचण पडू नये.

मॅगीला वाटले, हे व्याख्यान देऊन लोकांना पटणार नाही. त्यांना ते भोगायला लावले पाहिजे. म्हणून तिने 'लँडलॉर्ड्‌स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ, रचला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी त्याचे पेटंट मिळविले. तिच्या पटाकडे पाहिले म्हणजे रचनेचे कौशल्य ध्यानात येते. तोवरच्या बहुतेक पटांना आरंभ असे आणि शेवट असे. सोंगटी शेवटच्या घरी पोहोचली की संपले. मॅगीने पट चौकोनी वाटेचा केला. वाट कधी संपतच नाही. एका कोपऱ्यावर धरणीमातेवर केलेल्या श्रमाची मजुरी मिळे, प्रत्येक फेरीला शंभर डॉलर. चार रेल्वे होत्या. एका कोपऱ्यात एका परदेशी लॉर्डची बंदिस्त मिळकत होती. तेथे पाऊल पडले की अतिक्रमणाबद्दल तुरुंग. दुसऱ्या कोपऱ्यात भिकारगृह आणि सार्वजनिक बाग शेजारी शेजारी. फेरी मारमारून मजुरी कमवावी आणि ती भाड्यात घालवावी, हा अनुभव खेळणाराला पाचसहा फेऱ्यांतच येई. पुढे तिने खेळाला नियमांची दुसरी तऱ्हाही जोडली. तीत भाडे समाईक तिजोरीत जाई आणि तळच्या भिडूची स्थिती सुधारली की सगळेच जिंकत. पट एकच, नियम दोन. लोकांनी दोन्ही खेळून पाहावे आणि काय ते ठरवावे, असा तिचा बेत.

लोकांनी ठरविले. त्यांना पहिली तऱ्हा आवडली. दुसऱ्याला नागवून शेवटी आपण एकटे उरायचे, यात त्यांना अशी काही गोडी वाटली, की दुसरी तऱ्हा पडूनच राहिली. डेलावेअर राज्यात जॉर्जपंथीयांनी वसविलेल्या आर्डन या खेड्यात हा खेळ खेळला गेला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्कॉट निअरिंग या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने तो विद्यार्थ्यांपुढे ठेवला, आणि तेथून तो घरोघर पसरला. दुकानातून नव्हे, लोक मेणकापडावर स्वतःच पट काढून घेत आणि आपापल्या गावच्या रस्त्यांची नावे घालीत. अटलांटिक सिटीच्या क्वेकर मंडळींनी १९३० च्या सुमारास आपल्या रस्त्यांची नावे घातली. ती मंडळी शांत स्वभावाची. लिलावातला आरडाओरडा त्यांना रुचेना, म्हणून त्यांनी जागांच्या किमती पटावरच लिहून टाकल्या. हेही रचनेतच पडलेले पाऊल होते, आणि ते टाकणाराला आपण काही 'रचले' असे वाटलेही नसेल.

तो पट फिरत फिरत फिलाडेल्फियाच्या चार्ल्स डॅरो या बेकार विक्रेत्यापर्यंत आला. एका परिचिताने त्याला खेळ शिकविला आणि नियम टाईप करून दिले. त्या परिचिताच्या पटावर एका वस्तीच्या नावात स्पेलिंगची चूक होती, 'मार्वेन'चे 'मार्विन' झाले होते. डॅरोने खेळ आपला म्हणून विकायला काढला तेव्हा ती चूकही जशीच्या तशी त्याच्या पटावर उतरली. नक्कल करणारा पोरगा शेजारच्याच्या वहीतले खाडाखोडीसकट उतरवतो, तशातलीच ही गत! १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने डॅरोकडून खेळ घेतला, खेळ तुफान खपला, आणि डॅरो श्रीमंत झाला. त्याच वर्षी कंपनीने मॅगीचे पेटंटही खरेदी केले. किंमत पाचशे डॉलर. विक्रीवर हिस्सा काही नाही. वयाच्या सत्तरीकडे झुकलेली ती बाई आरंभी खूश झाली होती, कारण आता आपले तत्त्व घरोघर जाईल असे तिला वाटले. पुढे १९३९ साली कंपनीने तिचा मूळ खेळही छापला, पण त्याला कोणी विचारले नाही. खोक्यांतून तत्त्व गाळून फक्त तुरुंग, रेल्वे आणि भाडे तेवढे घरोघर गेले. १९३६ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या एका वृत्तपत्राने तिचे दोन्ही पट हातांत धरलेले छायाचित्र छापले होते; त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे तिचे नाव कोणाच्या ओठी आले नाही. १९४० च्या शिरगणतीत तिने आपला व्यवसाय 'खेळ तयार करणारी' असा लिहविला, आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. १९४८ साली ती वारली.

तिचे नाव वर आले तेही एका खटल्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोतील राल्फ अ‍ॅन्सपाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७३ साली मक्तेदारी मोडण्याचा 'अ‍ॅन्टी-मोनॉपॉली' नावाचा खेळ काढला. नावावरून भांडण कोर्टात गेले. १९७७ साली कोर्टाच्या हुकुमाने त्याचे सुमारे चाळीस हजार खेळ मिनेसोटातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात पुरण्यात आले. गडी हटला नाही. 'मोनॉपॉली' डॅरोच्या आधीपासून लोक खेळत होते, हे सिद्ध करण्यासाठी त्याने म्हातारी माणसे हुडकली, त्यांचे जुने मेणकापडाचे पट मिळविले, आणि त्या शोधात १९०४ चे पेटंट त्याच्या हाती लागले. १९८२ साली अपील कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला, आणि १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले.

'कुणी उचलला तर?' या प्रश्नाचे उत्तर या हकिकतीत आहे, पण ते सरळ नाही. मॅगीचा खेळ उचलला गेला हे खरे. परंतु तो तीस वर्षे शेकडो हातांतून गेला म्हणूनच उचलण्याजोगा झाला, हेही तितकेच खरे. पेटंटाने तिला पैसा दिला नाही. मात्र त्या तारीखवार कागदाने तिचे नाव राखून ठेवले. म्हणून आम्ही होतकरू खेळकर्त्याला सांगू, की वही ठेवा, प्रत्येक बदलावर तारीख घाला, आणि मग खुशाल चार लोकांत पट मांडा. कपाटात जपलेला खेळ चोरीला जात नाही, कारण तो अजून खेळच झालेला नसतो.

दुसरा गृहस्थ आल्फ्रेड बट्स. हा न्यूयॉर्क राज्यातला वास्तुशिल्पी, जन्म १८९९, मृत्यू १९९३. जागतिक मंदीत त्याचे काम सुटले. बेकारीत माणसे खेळ खेळतात असे पाहून त्याने खेळ करायचे ठरविले; पण कल्पना सुचण्याची वाट पाहत तो बसला नाही. त्याने आधी बाजारातल्या खेळांचा अभ्यास केला. काही खेळ आकड्यांचे व फाशांचे, काही सोंगट्या हलविण्याचे, काही अक्षरांचे. त्यांतला अक्षरांचा प्रकार त्याला ओसाड दिसला. मग तो वृत्तपत्राची पहिली पाने घेऊन बसला आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजू लागला. त्या मोजणीवरून कोणत्या अक्षराच्या किती चकत्या आणि कोणाला किती गुण, हे त्याने बसविले. इंग्रजीत 'ई' सर्वांत अधिक येतो, त्याच्या बारा चकत्या. 'क्यू' आणि 'झेड'ची एकेकच, पण गुण दहा दहा. 'एस'च्या मात्र त्याने जाणून चारच चकत्या ठेवल्या, कारण कोणत्याही शब्दाला 'एस' लावून अनेकवचन करणे हा फुकटचा धंदा झाला असता. मोजणी कुठवर मानायची आणि कुठे तिच्यावर नियमाचा लगाम घालायचा, हे येथे कळते.

यानंतर एका रात्रीत यश आले म्हणाल तर नाही. पहिल्या खेळाला पटच नव्हता. १९३८ च्या सुमारास पट आला. खेळ विकणाऱ्या कंपन्यांनी नकार दिले. बट्स घरीच चकत्या कापून ओळखीच्यांना संच करून देई. १९४८ साली जेम्स ब्रुनो या गृहस्थाने हक्क घेतले, जादा गुणांच्या घरांची जागा बदलली, नियम सोपे केले आणि 'स्क्रॅबल' हे नाव दिले. १९४९ साली त्याने सुमारे चोवीसशे संच विकले आणि वर तोटा सोसला. १९५२ नंतर मागणी इतकी वाढली की त्याला ती पुरी करता येईना. म्हणजे आरंभापासून वीस वर्षे.

येथे आमच्या मराठी मंडळींशी थोडे भांडण आहे. इंग्रजी खेळाच्या चकत्यांवर देवनागरी अक्षरे लिहिली की मराठी खेळ झाला, असे समजणारे लोक आम्हांस भेटले आहेत. 'क'ची चकती केलीत. मग 'का', 'की', 'कू'चे काय करणार? काना-मात्रा सुट्या ठेवणार? 'क्ष', 'त्र', 'स्त्र' यांना गुण किती? आपली लिपी अक्षरे जोडते, इंग्रजी ती ओळीत उभी करते. ज्याला मराठीत असा खेळ करायचा असेल त्याने प्रथम आपले वृत्तपत्र उघडून बट्ससारखे मोजायला बसावे. महिना जाईल, पण तो महिना कोणी दुसरा त्याच्यासाठी घालविणार नाही.

प्रशियातल्या रायस्वित्झ बापलेकांची गोष्ट थोडक्यात सांगतो. बापाने १८१२ साली राजासाठी युद्धाचा खेळ केला. तो म्हणजे एक मोठे टेबलच होते. भूप्रदेशाचे तुकडे हवे तसे मांडायचे, सैन्य हलवायचे. राजवाड्याला शोभणारी वस्तू, पण राजवाड्याबाहेर जाणे कठीण. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट. त्याने १८२४ साली तोच विचार खऱ्या नकाशावर उतरविला, सैन्याच्या लहान पट्ट्या केल्या, मध्ये पंच बसविला, शत्रूचे जे दिसत नाही ते पटावरही दिसू दिले नाही, आणि तोफेच्या माऱ्याचा परिणाम फाशाने ठरविला. सैन्याने तो खेळ उचलून धरला. मुलाच्या वाट्याला मात्र टोरगाऊच्या छावणीतली बदली आली, आणि १८२७ साली त्याने आत्महत्या केली. पुढच्या काळात या खेळाचे नियम इतके वाढले, की अधिकारी लढाईपेक्षा कोष्टकांतच गुंतून पडत. अखेर १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नोआ या सेनाधिकाऱ्याने बहुतेक नियम बाजूला सारले आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर भिस्त ठेवली. नियम वाढविताना रचणाराला आपली हुशारी दिसते. तो पाठ करावा लागतो खेळणाराला.

नावाच्या प्रश्नाचा पुढला अंक जर्मनीत झाला. तेथे १९७९ पासून दर वर्षी उत्तम खेळाला पारितोषिक दिले जाते, आणि तेथली कुटुंबे बैठ्या खेळांकडे पुस्तकांसारख्याच आदराने पाहतात. पण पुस्तकावर लेखकाचे नाव असते, तसे खेळाच्या खोक्यावर कर्त्याचे असेलच असे नव्हते. १९८८ साली न्युरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत जमलेल्या काही खेळकर्त्यांनी, खोक्यावर नाव छापल्यावाचून यापुढे आपला खेळ कोणत्याही प्रकाशकाला द्यायचा नाही, असा ठराव केला आणि खाली सह्या केल्या. कागद जवळ नव्हता, म्हणून तो बिअरच्या पेल्याखाली ठेवायच्या पुठ्ठ्यावर लिहिला. तोंडी बाणा पुष्कळांना असतो. हा बाणा टिकला. १९९५ साली 'कातान' हा खेळ निघाला तो क्लाउस टॉयबर हे नाव खोक्यावर घेऊनच. टॉयबर दातांच्या कवळ्या बनविणारा कारागीर होता. घरी बायकोमुलांबरोबर खेळून खेळून त्याने तो खेळ काही वर्षे घासला. त्याची एक युक्ती सांगण्याजोगी आहे: फासे कोणीही टाकोत, त्या आकड्यावर ज्याची वस्ती असेल त्याला धान्य, वीट, लाकूड मिळते, आणि जे कमी पडेल ते इतरांशी देवघेव करून घ्यावे लागते. त्यामुळे आपली पाळी नसतानाही कोणी जांभया देत बसत नाही. मोनॉपॉलीत दिवाळे निघालेला भिडू तासभर इतरांची तोंडे पाहत बसतो. येथे शेवटपर्यंत सगळे पटावर असतात.

आता तो रविवार. आमच्या ओट्यावर पट मांडला. आम्ही, शेजारचे दोघे आणि एक निवृत्त हेडमास्तर, असे चार भिडू. चिठ्ठ्या टाकल्या त्यात पाटाच्या मुखाकडचे शेत आमच्या वाट्याला आले आणि शेपटाकडचे हेडमास्तरांच्या. कवड्यांनी पाऊस बेताचाच दिला. आम्ही चिंचोके अडविले आणि ऊस लावला. दुसऱ्या हंगामातही तेच केले. हेडमास्तरांची ज्वारी करपली, आम्ही मोठमोठ्याने हसत होतो, आणि तो तरुण गोरामोरा होऊन पाहत होता. "पण काका, तुम्ही खाली पाणी सोडायला पाहिजे होते," तो अखेर म्हणाला. "नियमात कुठे आहे?" आम्ही विचारले. तो काही बोलला नाही. इतकी वर्षे पाणीवाटपावर व्याख्याने ऐकून, प्रसंगी देऊनही, आम्ही शेपटाचे शेत कोरडे ठेवले होते, आणि तसे करताना आम्हांला मौज वाटली होती. त्याने खिशातून वही काढली. आम्ही त्याला तारीख घालायला सांगितले.

तीन आठवड्यांनी तो परत आला. आता प्रत्येक हंगामानंतर भिडूंनी एकेक शेत खाली सरकायचे होते, आणि शेपटाच्या भिडूने मुखाशी यायचे. पट तोच, चिंचोके तेच. त्या दिवशी आम्ही पाणी अडविले खरे, पण पुढल्याच हंगामात खालच्या शेतात जाऊन बसावे लागणार हे आठवून दोन चिंचोके खाली सोडले. शेजाऱ्यांनी तर चक्क आपसांत करार केला, आणि कराराबद्दलही नियम नव्हता. हेडमास्तरांनी, मला विहीर खणायची आहे, असा हट्ट धरला. विहीर कोठेच लिहिलेली नव्हती. तरुणाने वहीचे पान उलटले, वर तारीख घातली, आणि विचारले, "सर, विहिरीला किती चिंचोके द्याल?"